लोण्यासारखा ब्रेक

एका हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात छत्री, अशी मी बसमध्ये उभी होते. दांडी धरायला हातच शिल्लक नव्हता. थांबा जवळ आला तशी मी अंग आवरून घेतलं, आता कुणाच्या तरी अंगावर जाणार म्हणून. पण काहीच झालं नाही. खिडकीबाहेरची दुकानं मागे सरकायची हळूहळू थांबली, इतकंच. शेजारी एक आजी होत्या, त्यांनीही काही धरलं नव्हतं.

“आजी, दांडी धरा की,” कंडक्टर म्हणाला.

“कशाला? आज लोणी आहे गाडीवर.”

बसमध्ये हशा पिकला. आरशात ड्रायव्हरही हसले. रुंद मानेचे, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेले गृहस्थ. त्यांचा ब्रेक लोण्यासारखा लागतो म्हणून अख्खा मार्ग त्यांना लोणी म्हणायचा. गुडघे दुखणाऱ्या बायका दोन बस सोडून त्यांच्या बसची वाट पाहायच्या.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. असं उदाहरण हाती लागल्यावर कोण सोडतं? दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितलं, “वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. गाडी थांबवायची तर तो सगळा संपवावा लागतो. जास्त बल लावा, चटकन संपेल. कमी बल लावा, वेळ लागेल. लोणी वेळ घेतात, म्हणून आजी पडत नाहीत.” वर्ग हसला, आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने लाजून मान खाली घातली. ती त्यांचीच मुलगी निघाली. तिने घरी सांगितलं असणार, कारण त्यानंतर मी बसमध्ये चढले की ते आरशातून म्हणायचे, “बाई आल्या. आज परीक्षा आहे आपली.” आणि गाडी अशी थांबवायचे, की थांबली हे उतरणाऱ्यांना बघून कळायचं.

मी निवृत्त झाले, मग त्यांची भेट क्वचितच व्हायची. एके सकाळी कळलं, त्यांच्या बसखाली एक माणूस गेला. किल्ल्या बनवणारा. गल्लीतून सायकलवर बाहेर आला तो थेट बससमोर. त्याच्या किल्ल्यांचे जुडगे रस्ताभर विखुरले होते. इस्पितळात नेईपर्यंत तो गेला.

डेपोने चौकशी समिती नेमली. समितीने त्यांना निर्दोष ठरवलं. वेग मर्यादेत होता, सायकलवाला अचानक आडवा आला. वर साहेबांनी पाठही थोपटली: एवढा अपघात होऊन बसमधल्या एकाही प्रवाशाला खरचटलं नाही! आठवडाभर आराम करा आणि कामावर या, म्हणाले.

त्याच आठवड्यात ते माझ्या दारात उभे राहिले. हातात मुलीचं जुनं पाठ्यपुस्तक.

“बाई, तुम्ही माझं उदाहरण द्यायचात. ते अर्धंच होतं. आता पुरतं शिकवा.”

“कशासाठी?”

“गाडी थांबली असती का, ते बघायचंय.”

“समितीने बघितलंय ना?”

“समितीने माझी चूक होती का ते बघितलं. गाडी थांबली असती का, ते कुणी बघितलंच नाही.”

मी शिकवायला बसले. वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळतील. चेंडू भिंतीवर आपटून त्याच वेगाने परत येतो, संवेगातला बदल किती? त्यांनी शून्य लिहिलं.

“गेला तेवढ्याच वेगाने आला. बदललं काय?”

“दिशा. भिंतीने आधी त्याला थांबवलं, मग उलटं फेकलं. दुप्पट बदल.”

“भिंतीचं मी धरलंच नाही,” ते म्हणाले आणि शाळकरी मुलासारखे खोडरबर शोधू लागले. नावेतून उडी मारणारा माणूस, हात मागे घेत झेललेलं अंडं, सगळी गणितं त्यांनी सोडवली. दुपारी ते माझ्या जेवणाच्या टेबलावर बसत आणि चहा निवून जाई.

त्यांची बायको एकदा येऊन गेली. बसलीसुद्धा नाही. “बाई, यांना शिकवायचं बंद करा. माणूस सुटून आलाय आणि घरात स्वतःलाच कोंडून घेतोय. मेला तो मेला, आता काय यांना पास व्हायचंय?” त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, पुरे आता. ते हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी हजर.

मग त्यांनी स्वतःचं गणित मांडलं. प्रवाशांसकट बसचं वजन त्यांना पाठ होतं. ब्रेकचं बल डेपोतल्या मेकॅनिकला विचारून आणलं होतं. सायकल दिसली तिथपासून गल्लीच्या तोंडापर्यंतचं अंतर कंडक्टरला सोबत घेऊन टेपने मोजलं होतं. संवेग काढला, बलाने भागला. नेहमीच्या ब्रेकने थांबायला पाच सेकंद. पूर्ण ब्रेकने दोन. वेळेवरून अंतर काढलं, बघून पाय हलेपर्यंतचं अंतरही त्यात धरलं. पूर्ण ब्रेक लागला असता तर बस गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत थांबत होती.

“रस्ता ओला असेल,” मी म्हटलं.

“कोरडा होता.”

“उभी माणसं पडली असती. एखाद्या आजीचं हाड मोडलं असतं.”

“मोडलं असतं. जुळलंही असतं.”

“शेवटी तरी जोरात दाबला असेल तुम्ही.”

“नाही, बाई. पायाला दुसरं काही येतच नव्हतं. इतकी वर्षं कौतुक ऐकलं त्याने. साहेब म्हणतात ना, एकालाही खरचटलं नाही. तेच तर.”

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “तपासा. कुठे चुकलो असेन तर सांगा.”

मी एकेक ओळ पाहत गेले. चूक सापडावी म्हणून इतक्या मनापासून मी कुणाचा पेपर कधी तपासला नव्हता. एकके बरोबर, चिन्हं बरोबर, भागाकार बरोबर. आणि तळाशी पोचले तेव्हा लाल पेनाने बरोबरची खूण करून मोकळीही झाले होते. जन्मभराची सवय.

ते त्या खुणेकडे बघत राहिले. “म्हणजे बरोबर आहे,” म्हणाले. कागदाची घडी खिशात घातली, पाठ्यपुस्तक मात्र टेबलावरच ठेवलं. दारात वळून म्हणाले, “बाई, वर्गात सांगताना एवढं सांगायला हवं होतं, की समोर कोण आहे तेही बघावं लागतं.”

सोमवारी ते डेपोत गेले आणि स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणाले. साहेबांनी समजावलं, मग चिडले, मग दुसरं काम दिलं. त्यांच्या जागी आलेला पोरगा गचके देत गाडी हाकतो. म्हाताऱ्या त्याला शिव्या घालतात आणि लोण्याची आठवण काढतात.

ते आता डेपोत बस धुतात. धुऊन झालेली बस जागेवर लावायला दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारतात.