धुतलेली फणी

माल बांधून वेळेत गाडीवर चढवणं हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्यातल्या एका गोदामात मी वीस वर्षं तेच करते आहे. त्यामुळे आईबाबांचं घर हलवायचं ठरलं तेव्हा मी भावाला फोनवरच बजावलं, "तू हुडकेश्वरच्या नव्या घरातले नळ-दिवे बघ. इथलं सगळं माझ्यावर सोड आणि मध्ये लुडबुड करू नकोस." असं बोलायची मला खोडच आहे.

जुनं घर गांधीबागेच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढे बाबांच्या हातमागाची पडवी. एका कापडवाल्याने ते गोदामासाठी घेतलं होतं. हलवायच्या दिवशी त्याला संध्याकाळी पाचला किल्ली द्यायची होती आणि वाडीहून टेम्पो तीनला यायचा होता.

बाबा मुळात हलायलाच तयार नव्हते. सहा महिने भावाने हातापाया पडून पाहिलं. शेवटी ते एका अटीवर कबूल झाले. "तिथी माहा माग चालला पाह्यजे. नाही त मी याच गल्लीत एखादी खोली पाहून घेतो. तुम्ही जा." आमचा खड्ड्याचा माग. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. भावाने मागच्या खोलीत फरशी बसवायच्या आधी खड्डा खणून घेतला, त्याचा फोटो बाबांना दाखवला, तेव्हा कुठे ते हो म्हणाले. पंचाहत्तरीच्या माणसाला आईपासून वेगळं, गल्लीतल्या खोलीत एकटं राहताना मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं होतं. ते बोलल्याप्रमाणे करतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या सकाळी बाबा मागावरची शेवटची साडी पोचवायला बाजारात गेले. मी दहाच्या आत स्वयंपाकघर संपवलं. खोक्यांवर मार्करने आकडे टाकले, काचेच्या बरण्या गोधड्यांत गुंडाळल्या आणि पडवीत गेले. माग आदल्या दिवशीच उकलला होता. लाकडं बांधून तयार होती. राहिली होती ती फणी. मागाची फणी म्हणजे अडीच हात लांब कंगवाच. ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक धागा तिच्या दातांमधून ओवलेला असतो. हिच्यात तर धाग्यांचे वीतभर तुकडे तसेच लोंबत होते, झुपके करून गाठी मारलेले, धुळीने काळपटलेले. मी कात्री घेतली. सगळे धागे कापून ओढून काढले, फणी साबणाच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, आईच्या जुन्या पातळात गुंडाळली आणि वर कागद चिकटवून लिहिलं, 'नाजूक'. कचऱ्याची पिशवी कचरागाडीत गेली. मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

आई चहा घेऊन आली. "फणी कुठी हाये वं?"

"बांधली. चांगली धुऊन बांधली."

"धुतली?" तिने कप खोक्यावर ठेवला. "आन् धागे?"

 तिने गुंडाळी सोडून रिकाम्या दातांवरून बोट फिरवलं. "बाई, तू विणकराची पोर होय वं. तुले माईत नोहतं?"

माहीत होतं. लहानपणी या पडवीत बसून मी कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरल्या होत्या, अन् सगळं पाहिलं होतं. साडी उतरवली की फणीतले धागे कुणी काढत नाही. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला सांधायचा आणि मग हळूच ओढून घ्यायचा. फणी पुन्हा ओवावी लागत नाही. सांधायला डोळे लागत नाहीत. बाबा बोटांनी पीळ देऊन झोपेतही सांधतील. पण रिकामी फणी दाता-दातातून ओवायची तर नजर पाहिजे. बाबांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यातला एक अजून धूसरच. आईचे हात थरथरतात. धागे तीन हजारांच्या वर. मी दहावीनंतर मागाकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि एका सकाळीत बाबांचा माग बंद पाडला.

"आले की सांगून टाक त्यायले," आई म्हणाली.

"आज नाही. आज सांगितलं तर ते टेम्पोत बसणार नाहीत. एकदा तिकडे पोचू दे."

"अवं, लपवू नको. त्यायचे हात हायेत ते, वळखतीन."

मी ऐकलं नाही. कांड्यांवर उरलेलं सूत तोडून मी त्याचे झुपके बांधले, फणीच्या दोन्ही अंगांना लावले आणि पातळ पुन्हा घट्ट गुंडाळलं. बाहेरून दाबलं तर मऊ लागायला हवं, एवढंच डोक्यात होतं.  आई भिंतीकडे तोंड करून देव गोळा करत राहिली.

बाबा दोनला आले. टेम्पो वेळेआधीच येऊन गल्लीत अडकला होता आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सामान चढताना बाबा प्रत्येक लाकडावर हात फिरवत होते. मी सारखी घड्याळ बघत होते. आई देव घेऊन ऑटोने पुढे गेली. किल्ली देऊन झाली. आता निघायचं, तर बाबा म्हणाले, "फणी माह्याजवळ दे. ते मागं टाकाची चीज नाही. नव्या घरात पयले फणी जाते, मंग माणसं."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? मी गुंडाळी त्यांच्या हातात दिली.

केबिनमध्ये ड्रायव्हर, मधे मी, खिडकीशी बाबा. गुंडाळी त्यांच्या मांडीवर तिरपी धरलेली. सक्करदऱ्यापर्यंत मी तोंड बंद केलं नाही. नव्या घराचा नळ, गल्लीतली भाजीवाली, पुण्याचा पाऊस, जे सुचेल ते बोलत होते. बाबांचा अंगठा पातळावरून हळूहळू फिरत होता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मानेवाड्याच्या आसपास तो थांबला. एका जागी दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. मग त्यांनी हात उचलून खिडकीच्या दांडीवर ठेवला आणि बाहेर बघू लागले.  आता ते गाडी थांबवायला सांगतील, असं मला वाटत होतं. ड्रायव्हरने विचारलं, "काका, कुठून वळायचं?" बाबांनी हातानेच रस्ता दाखवला.

दारात आई भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. बाबा गुंडाळी घेऊन आधी आत गेले, थेट मागच्या खोलीत. खड्ड्याच्या काठावर बसले आणि पातळ उलगडलं. माझे झुपके फरशीवर पडले.

"कापलं ते कापलं," बाबा म्हणाले. "चूक होते. पण हे काहून?" त्यांनी एक झुपका उचलून माझ्यापुढे धरला. "आंधळ्याले फसवून राह्यली होती काय?"

"तुम्ही आला नसता, बाबा."

"नसतोच आलो." त्यांनी झुपका खाली ठेवला. "पण मले तू सांगाले पाह्यजे होतं. मंग मी काय करतो ते माहं मी पाह्यलं असतं."

मी तिथेच रडले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. भावाने ओवायला दुसरा विणकर आणायचं सुचवलं तर त्यांनी नकाराची मान हलवली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. रोज सकाळी दप्तर भरल्यासारखी एक पिशवी भरून जुन्या गल्लीत जातो म्हणायचे आणि दाराशी चप्पल घालून बसून राहायचे. आई त्यांच्याशेजारी बसायची. तिसऱ्या दिवशी माझी रजा संपत होती. सकाळच्या उन्हात त्यांनी मागच्या खोलीतून हाक मारली, "ये वं. बस समोर."

मी फणीच्या दातातून तारेचा बारीक आकडा सरकवायचा, बाबांनी पलीकडून धागा त्यात अडकवायचा, मी ओढून घ्यायचा. "घे," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "घेतला." तासाभरात त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओवून झाले होते साठ.

आता मी दर महिन्याला दोन दिवस जाते. ऊन चांगलं असलं की दिवसाला सत्तर, ढगाळ असलं की चाळीस. मागच्या खोलीत माग उभा आहे, खड्डा झाडलेला आहे, बाबा पिशवी भरत नाहीत. नऊशे झालेत. परवा फोनवर म्हणाले, "सुट्टी नाही भेटली त राहू दे वं. घाई काय हाये?" शहात्तरावं लागलं आहे त्यांना, आणि दोन हजारांवर धागे अजून बाकी आहेत. मी त्याच रात्रीचं तिकीट काढलं.