माझे स्क्रू आणि हिची पत्रिका

माझ्या तोंडात सध्या एकवीस दात आहेत आणि ते ठेवताना मी कुणाला विचारलेलं नाही. गेलेल्या दातांच्या जागी काय बसवायचं हे मात्र मला सोडून सगळ्यांना विचारण्यात आलं!

सुरुवात झाली बीबी गावी, माझ्या सासुरवाडीत. मळ्यात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांवर खरपूस भाजलेले कणकेचे जाड, टणक रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरून तूप! मी हात धुऊन बसतो न बसतो तोच मेव्हणा गजानन भर पंगतीत ओरडला, "अरे, भाऊजीले रोडगा नोका देऊ! त्यायच्या दाढा गेल्या. वरण-भात कुस्करून आना!"

चाळीस वर्षांचा जुना जावई मी, आणि माझं भर पंगतीत उष्टावण! (माझ्या बायकोनं मात्र मुकाट्यानं वरण-भातच घेतला. नवऱ्याला सोबत म्हणून! पतिव्रता म्हणतात ती अशी.) पुढच्या वर्षी याच पंगतीत रोडगा खाऊन दाखवीन, असा पण मी तिथंच केला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन मार्ग सांगितले. एक, साधी काढ-घाल कवळी. ती स्वस्त, लवकर होणारी, पण शेजारच्या दातांना तारेनं अडकवलेली आणि चावताना हलणारी. दुसरा, जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवून कवळी त्यांच्यावर अडकवायची. ती घट्ट बसते आणि हाडाची झीजही कमी होते. पण खर्च कितीतरी पट, साखर आटोक्यात हवी, आणि हाड स्क्रूला धरेपर्यंत चार महिने थांबायचं.

घरी मेहकरला बैठक बसली. मुलगा प्रशांत कागदावर फायदे-तोटे लिहू लागला.

"बाबा, वापर किती वर्षं होईल हे पाहा लागते."

"वापर म्हंजे?"

"म्हंजे... तुम्ही अडुसष्ट वर्षांचे ना."

"अबे, मी काय जुना ट्रॅक्टर हाये का?"

गजानन बीबीहून खास आला होता. (त्याला कोणी बोलावलं, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.) तो म्हणाला, "भाऊजी, तापू नका. बोअर मारायच्या आधी आपण पानी पाह्यतो का नाही? तसं स्क्रू मारायच्या आधी आयुष्य पाह्यून घ्या. पत्रिका दाखवू."

"दाखव! आत्ताच दाखव!" माझं डोकंच फिरलं. तरातरा जाऊन मी ट्रंकेतून पिवळी पडलेली पत्रिका उपसून काढली.

दुधात भाकर कुस्करता कुस्करता ही म्हणाली, "अवो, चष्मा तं लावा."

"मले माही पत्रिका वळखू येत नाही का?" रागाच्या भरात चष्मा कोण शोधतो!

गल्लीतले जोशीकाका आले. पत्रिकेचा नावाचा भाग उंदरांनी खाल्ला होता. काकांनी बोटं मोजली. "आयुष्य भक्कम! नव्वदी पार." मी गजाननाकडं असं पाहिलं की तो पाणी प्यायला उठला. "फक्त शेवटची बरीच वर्षं जोडीदाराविना."

मला भडभडून आलं. सगळ्यांसमोर मी हिचा हात धरला. "तू घाबरू नको. तुह्या औषधपान्यात मी काही कमी पडू देनार नाही." हिचे डोळे भरले. गजाननानंही नाक ओढलं.

तेवढ्यात काका म्हणाले, "जन्म बीबीचा ना?"

माझा जन्म रोहिणखेडचा. बीबीची ही!

अरे बाप्पा! म्हणजे नव्वदी पार करणार ती, आणि मध्येच गळणारा जोडीदार मी! प्रशांतनं कागदावर हळूच काहीतरी खोडलं. गजानन म्हणाला, "मंग साधी कवळीच बरी, नाही का?"

मी संतापानं उभा राहिलो, पण माझ्याआधी हीच कडाडली. "चूप बस रे गज्या! एक वर्ष जगोत का तीस, त्यायले रोडगा खायाचा हाये ना? बसवा स्क्रू!"

बसवले. चार महिने मऊ खिचडी गिळली, गोडाकडं पाहिलं नाही. यंदा बीबीच्या पंगतीत मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो आणि गजाननाला मुद्दाम समोर बसवलं. रोडगा फोडला, चावला, दुसरा मागितला! छाती फुगवून शेजारी पाहिलं, तर हिच्या पानात कुस्करलेला वरण-भात.

"आता काऊन वं? माहे दात तं आले! आता सोबत कायले करून राह्यली?"

"तुमची सोबत कोन करते? मले कुठं हायेत दाढा? तीन वर्षं झाले."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमच्या दातायच्या गोंधळात मले बोलाले जागा होती का?"

रोडगा हातातच राहिला. रोज माझ्या डोळ्यांपुढं ती दुधात भाकर भिजवायची आणि मी समजत होतो, हिला दूध आवडतं! फार लाज वाटली. संतापही आला, पण या वेळी ओरडावं असं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आता पुन्हा बैठक बसली आहे, हिच्या दाढांसाठी. प्रशांतनं कागद काढायच्या आतच मी सांगून टाकलं, वापराची चिंता नको, पत्रिका पाहून झालेली आहे. अख्ख्या घरात स्क्रू मारावेत असं पक्क्या आयुष्याचं एकच तोंड होतं, हिचं, आणि मी वर्षभर बोंबलून ते भलत्याच तोंडात मारून घेतले!