इनुतेकने धरलेले पक्षी

ग्रीनलंडच्या पार उत्तरेकडच्या त्या गावात तुकुम्मेकच्या हातच्या कीवियाकला तोड नव्हती. सीलच्या अखंड कातड्यात शेकडो छोटे समुद्रपक्षी पिसांसकट ठासायचे, तुडवून आतली हवा काढायची, तोंड शिवून चरबी फासायची आणि न शिजवता खाण्याजोगे होईपर्यंत महिनोन्‌महिने दगडांखाली मुरत ठेवायचं, हे ती पोरवयापासून करत आली होती. बाई तिखट. वास येतो असं कुणी म्हणालं, की "मग नाक घरी ठेवून ये" म्हणायची.

यंदाच्या कातड्यातले पक्षी तिच्या नवऱ्याने, इनुतेकने, कड्यावर बसून जाळीने धरले होते. ते दगडांखाली गेले आणि थोड्याच दिवसांत म्हाताराही गेला. आता सून अवियाक पोटुशी होती. बाळाला इनुतेकचंच नाव मिळणार होतं, आणि नाव आलं म्हणजे माणूसच परत आला, याबद्दल गावात कुणाला शंका नसते. त्याला आईच्या पोटातच पहिली चव त्यानेच धरलेल्या पक्ष्याची मिळावी, एवढाच तुकुम्मेकचा हट्ट होता.

नेमकं तेव्हाच दवाखान्यातल्या नर्सने अवियाकचे केस तपासून सांगितलं, अंगात पारा जास्त आहे. बाळाच्या मेंदूला धोका. बाळंत होईपर्यंत सील नको, समुद्रपक्षी नकोत.

"पारा?" तुकुम्मेक भडकली. "आपण कधी समुद्रात काही टाकलंय का?"

"दूरदूरच्या धुराड्यांतून येतो म्हणे, आई," अवियाक म्हणाली. " हवेतून पाण्यात, पाण्यातल्या किड्यांत, तिथून पक्ष्यांत."

"म्हणजे घाण त्यांनी करायची आणि उपाशी आपण राहायचं!"

राग रास्तच होता. पण त्याने पक्षी काही स्वच्छ होत नव्हते.

कातडं उघडलं त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. शेजारचा मासाउना ओठ पुसत म्हणाला, "म्हातारे, आवर लवकर. इनुतेकला भूक लागली असेल." सगळे हसून अवियाकच्या पोटाकडे पाहू लागले. तुकुम्मेकने पिसं उपटली आणि पहिला पक्षी सुनेच्या हातावर ठेवला. एकाने काय होतंय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

चारचौघांत सासूला नाही म्हणणं अवियाकच्याने होईना. तिने पक्षी तोंडापाशी नेला. दुसरा हात आपसूक पोटावर गेला, जणू आतल्याचं तोंड झाकायला.

तुकुम्मेकने तो पोटावरचा हात पाहिला. तिने झटक्यासरशी पक्षी हिसकावून घेतला.

"अगं, हे काय?" मासाउना ओरडला. "नवऱ्याच्या तोंडचा घास काढतेस?"

"हो, काढते!" तिचा आवाज फाटला. "एकदा गेलाय तो माझा. आता येतोय, तर माझ्या हाताने विष घालू त्याला?"

ती सुनेपुढे बसली आणि तिच्या पोटावर हात ठेवून नवऱ्याला दटावावं तशी बोलली, "ऐक, म्हाताऱ्या. तू धरलेले पक्षी तुला मिळणार नाहीत. रुसायचं तर रूस. पण डोक्याने धड ये."

मग तिने दुकानातली गोठवलेली कोंबडी शिजत टाकली. असल्या कोंबडीला इनुतेक जन्मभर 'ओला कागद' म्हणत आला होता. ती शिजेपर्यंत तुकुम्मेक भिंतीकडे तोंड करून रडत राहिली.