हंड्यातला हात

डी.एड. झालो आणि शिक्षकांची भरतीच बंद पडली. मुदखेडला घरी बसून किती दिवस काढायचे, म्हणून नांदेडच्या एका ठेकेदाराकडे कामाला लागलो. काम रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचं. लोकांना वाटतं तो रंग असतो. तो रंग नसतो. पोत्यांतून भुकटी येते, ती गॅसवरच्या बॉयलरमध्ये ढवळत ढवळत वितळवायची, खिरीसारखी झाली की ढकलगाडीत घ्यायची आणि रस्त्यावर ओढत न्यायची. मागून एकजण काचेचे बारीक मणी भुरभुरत येतो, म्हणून पट्टा गाडीच्या उजेडात चमकतो. थोड्या वेळात माल थंड होऊन डांबराला घट्ट चिकटतो. मी बॉयलरवर असायचो. आई गल्लीत सांगायची, पोरगा रस्त्याच्या खात्यात आहे. एसटी जवळून गेली की मी तोंडाला बांधलेला रुमाल आणखी वर ओढायचो.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात आमचं काम उदगीर-देवणी रस्त्यावर आलं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. त्यातच उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा उठली होती. चहाच्या हॉटेलात एक म्हातारा आमच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "नळाला पानी न्हाई अन् रस्त्याला पावडर लावायलेत. जिल्हा व्हायलाय न्हवं!" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण चहा मला गोड लागला नाही.

पुढच्या गावात शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे मारायचे होते. तिथं टँकर एका बाजूच्या टाकीत पाणी सोडून जायचा आणि वस्ती दुसऱ्या बाजूला. बाया हंडे-घागरी घेऊन आमच्या आखलेल्या जागेवरूनच ये-जा करायच्या. हिंदकळून पाणी सांडायचं. ओल असली की आमच्या मालाला बुडबुडे येतात, पट्टा पापडासारखा उचलून येतो. आमचा मिस्त्री देगलूरकडचा, वयानं मोठा, मऊ बोलणारा माणूस. तो म्हणाला, "आक्का, जरा पलीकडून जाता का?"

"पलीकडून कुठून?" एक बाई म्हणाली. "टाकी हितं, घर तितं. तुमचा पट्टा उचला की."

मिस्त्रीनं हात जोडले आणि बाया जाईपर्यंत काम थांबवलं.

तेवढ्यात बॉयलरच्या तोटीत अर्धवट वितळलेला गोळा अडकला. मी सळईनं ठोकत होतो. गोळा एकदम सुटला आणि माल धार धरून माझ्या डाव्या हातावर आला. हातमोजा फाटका होता. बोटांपासून मनगटापर्यंत सगळं पांढरं झालं. मी ओरडलो की नाही मला आठवत नाही. मिस्त्री मात्र ओरडला, "ओढू नको! कातडं येईल! पाणी आणा!"

आमचा जार केव्हाच रिकामा झाला होता.

रांगेतली एक म्हातारी पुढं आली. तिनं डोक्यावरचा रुंद तोंडाचा हंडा खाली ठेवला, माझं मनगट धरलं आणि हात सरळ आत घातला. तिच्या घरच्या पिण्याच्या पाण्यात. पाणी कोमट झालं तेव्हा तिनं मागं बघून सुनेला म्हटलं, "तुझं आन." मग आणखी एकीनं घागर आणून पाणी वरून ओतलं. पांढरे तुकडे सुटून हंड्यात तरंगू लागले. जळकट वास येत होता. मी दात दाबून बसलो होतो आणि पाण्याकडे बघत होतो. एवढं पाणी त्या बायांनी किती वेळ उन्हात उभं राहून भरलं असेल, हे मला दुखण्यापेक्षा जास्त सलत होतं.

"कुठला रं लेकरा?" कुणीतरी मागून विचारलं.

"मुदखेडचा."

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. आमच्याकडं आडनावातच सगळं कळतं. मागं काहीतरी कुजबुज झाली. मी हात बाहेर काढायला लागलो, तर म्हातारीनं मनगट आणखी घट्ट धरलं. "हलवू नगंस," ती म्हणाली.

उदगीरच्या दवाखान्यात न्यायला एकाची मोटारसायकल आली. मागं बसताना मी वळून बघितलं. म्हातारी हंडा लिंबाच्या झाडाखाली पालथा करत होती.

मालाचे तुकडे पडलेलं, वास मारणारं पाणी कोण पिणार? ते टाकणंच भाग होतं. हे मला कळत होतं. पण मनात पहिल्यांदा आलं ते दुसरंच. माझे आजोबा विहिरीच्या कडेला ओंजळ धरून उभे राहायचे, वरून कुणी ओतेपर्यंत. ती गोष्ट ऐकतच मी वाढलो. उदगीरपर्यंत हात ठणकत होता आणि मी त्या पालथ्या हंड्याचाच विचार करत होतो. जिनं हात वाचवला तिच्याबद्दल हे डोक्यात यावं याची मला भयंकर लाज वाटली.

पाऊस झाल्यावर आई म्हणाली, "त्या बाईला भेटून येऊ." केळीची फणी घेऊन आम्ही दोघं गेलो. म्हातारी ओसरीवर तूर निवडत होती. तिनं मला ओळखलं नाही. मी हात पुढं केला तेव्हा म्हणाली, "अगं माय, तूच का!" तिनं आईला घोंगडीवर बसवलं. मी लगेच मनात नोंद केली, ओसरीवर बसवलं, आत नाही बोलावलं. मग माझाच मला राग आला. ती स्वतःही ओसरीवरच बसली होती.

"तुमचं लई पाणी वाया गेलं माझ्यापायी," मी म्हणालो.

"गेलं की. त्या दिशी दुसरा टँकर आला न्हाई. बाया बोलल्या मला. मग काय तुझा हात जळू द्यायचा व्हता?"

मी खाली बघितलं. आई मात्र सरळ विचारून मोकळी झाली, "आमी बौद्ध हाव. तवा कळलं व्हतं न्हवं?"

म्हातारीचा हात तुरीत थांबला. "कळलं व्हतं. कुजबुजल्या दोघी-तिघी. खोटं कामून बोलू? म्या म्हनले, हात माझ्या हंड्यात हाय, तुमी कामून बोलायलाव?" ती पुन्हा तूर निवडू लागली. "पन त्या माज्याच घरच्या व्हत्या, बाई. मलाच लाजल्यावानी झालं."

सुनेनं चहा आणला. कप ठेवताना तिनं आईकडं बघितलं नाही. आई म्हणाली, "साखर जास्त झाली गं," आणि सून पहिल्यांदा हसली. आईनं चहा सावकाश, बशीत ओतून, सगळा प्याला.

परतीच्या गाडीत आईनं विचारलं, "लाज त्यांना वाटायला पाहिजे, त्या म्हातारीनं तरी बोलून दाखवली. तू कशाला सगळा वेळ मान खाली घालून बसलास?"

मी तिच्या पायाशी सरकलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्या दिवशीची माझी शंका अगदीच खोटी नव्हती, हे कळूनही हलकं वाटलं नव्हतं. आई खिडकीला टेकली आणि झोपली.

पुढच्या आठवड्यात मी परत कामावर गेलो. डाव्या हाताची मूठ पुरती मिटत नव्हती, म्हणून मिस्त्रीनं मला बॉयलरवरून काढून मणी टाकायला लावलं.