लाल पट्टी

कमलबाईंचा मुलगा रत्नपाल मोटारसायकलवर जवळा बाजार या आपल्या गावी परतत होता. अंधारात रस्त्यावर उभी असलेली कापसाची ट्रॉली त्याला दिसलीच नाही. तिला मागे दिवा नव्हता, चमकणारी पट्टीही नव्हती. पोरगं जागीच गेलं.

कमलबाईंनी त्या ट्रॉलीच्या मालकाच्या, ज्ञानबाच्या दारात जाऊन दगडानं ट्रॅक्टरच्या दिव्याची काच फोडली. तो मान खाली घालून उभा राहिला. काच फुटली, पण राग तसूभरही कमी झाला नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की त्यांच्या मुठी वळायच्या.

एका बाजारच्या दिवशी त्यांना पट्टी नसलेल्या ट्रॉल्या दिसल्या. ओठावर आलेल्या शिव्या गिळून त्या दुकानात गेल्या आणि लाल चमकती पट्टी घेऊन आल्या.

"ही लावल्याबिगर न्हाई जायचं," त्यांनी ड्रायव्हरांना बजावलं. तेव्हापासून दर बाजारी त्या हेच काम करतात.

यंदा ज्ञानबाची ट्रॉली आली. कमलबाईंच्या मुठी वळल्या. मग पदरानं धूळ पुसून त्यांनी पट्टी दाबून बसवली.

"माझ्या बी गाडीला, बाई?" ज्ञानबानं कसंबसं विचारलं.

"तुमच्या मागून बी कोनाचं तरी लेकरू येत असंल," म्हणत कमलबाई पुढच्या ट्रॉलीकडे वळल्या.