भाजलेला राब

यादव गावित सुरगाण्याकडचा. तिकडे नागली, म्हणजे नाचणी, पेरायची तर आधी राब भाजतात. शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जमीन जाळून घ्यायची, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. हे यादवच्या हाडामांसात इतकं मुरलं होतं की, नाशिकला कॉलेज रोडवरच्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसला तरी नवं काम म्हटलं की आधी जुनं साफ, हाच त्याचा शिरस्ता.

२००७ची दिवाळी नुकतीच झाली होती. मालक महेशनं त्याला पहिल्यांदाच एक नवं प्रोजेक्ट एकट्यानं उभं करायला दिलं. पुण्याचे पाहुणे दुपारी ते बघायला येणार होते.

"चालताना दिसलं पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," महेश म्हणाला. थट्टा करणाऱ्यातला तो नव्हे.

प्रोजेक्ट उभं करायला मेवन नावाचं साधन होतं. लागतील त्या तयार फायली ते इंटरनेटवरून आणी, एका फोल्डरमध्ये साठवी आणि सगळं जुळवून प्रोग्राम बांधून देई. यादवनं कमांड दिली, चूक आली. परत दिली, परत तेच. चूक त्याच्याच एका ओळीत होती, पण घाबरलेल्या माणसाला ओळी कुठल्या दिसायला? त्यानं साठ्याचं फोल्डरच उडवलं. तण गेलं, आता नीट येईल.

आलं कपाळ. कंपनीनं पावसाळाभर रडतखडत उतरवून घेतलेला तो साठा, आणि तेवढ्या एकाच मशीनवर. आता मेवन बिचारं पहिल्यापासून एकेक फाईल आणायला निघालं, आणि नेट मध्येच तुटायला लागलं. राब भाजायचा असतो, बियाण्याची कणगी नाही. महेशला सांगायला जीभ रेटेना.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. सुरगाण्याच्या बाजारातून बाप, झिपरू, बोलत होता. दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाच्या जीपमधून सगळं घर दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जाई. यादवनं मनात ठरवूनच टाकलं, आपलीही जागा धरायला सांगावी.

"बाबा, जीप कधी निघायची?"

"ती गेली ना सकाळीच. म्या मुकादमाला नाय म्हनून सांगितलं. म्हनलो, माझा यादव कंपनीत हाय, आमी आता कधीच नाय येनार. चारचौघांत सांगितलं." झिपरू हसत होता. "का रं?"

"काय नाय," यादव म्हणाला. "लय बरं केलंस."

त्यानं रिसीव्हर ठेवला. कुठंतरी तोंड लपवून रडावं असं त्याला वाटलं, पण जिन्यावर बूट वाजले आणि महेश "या, या" म्हणत उठला. स्क्रीनवर एक फाईल अर्ध्यावरच अडकून पडली होती. यादवनं पुन्हा कमांड दिली.

महेशनं पाहुण्यांसाठी खुर्च्या ओढल्या आणि यादवच्या अगदी शेजारी मांडल्या.