वालातले काटे

डॉक्टरांनी मासे, अंडी, दूध सगळंच बंद केलं आणि आमच्या घरात कडधान्यांचं राज्य आलं. मूग संपले की मटकी, मटकी संपली की चवळी! जेवायचं तरी कशासाठी? आज बायकोने नारळाच्या रसातलं वालाचं बिरडं वाढलं. मी कपाळाला आठ्या घालून जेवत होतो, तर ती एकदम हसायलाच लागली.

"अहो, वालात काटे शोधताय?"

खरंच की! जन्मभर बांगडा खाल्लेली माझी बोटं प्रत्येक घास चाचपून मगच तोंडात घालत होती. असा वैताग आला स्वतःचा! मन अजून रुसून बसलं होतं आणि या फितूर बोटांनी माशाचा मान खुशाल वालाला देऊन टाकला होता.

"हसतेस काय?" मी खेकसलो. "वाढ अजून."